मथुराबाईंचं लंगडणं

माणूस दारातून आत आला की लोक त्याचा चेहरा बघतात. मी चाल बघते. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. लग्नात वरपक्ष मांडवात शिरतो तेव्हा बाकीच्या बायका साड्या बघत असतात आणि मी मुलाच्या काकांचा डावा गुडघा बघत असते. एकदा न राहवून एका विहीणबाईंना सांगितलं, "तुम्ही पंगतीत खाली बसू नका." त्या म्हणाल्या, "का? पाटावर कुणी मानाचं बसायचंय का?"

मी फिजिओथेरपिस्ट. हाड मोडलं, सांधा बदलला, अंगावरून वारं गेलं, की आधी डॉक्टर आपलं काम करतात आणि मग आमचं सुरू होतं. माझ्या मामेसासऱ्यांनी माझ्या व्यवसायाची व्याख्या 'पदवी घेऊन पाय चेपणे' अशी केली होती. ते सदाशिव पेठेतले, त्यामुळे हे त्यांनी माझ्या तोंडावर आणि मी वाढलेल्या जेवणाच्या पानावर बसून सांगितलं. पुढं त्यांचाच खांदा आखडला. मी सहा आठवडे रोज घरी जाऊन तो सोडवला. बरं वाटल्यावर म्हणाले, "तसाही कमी होतच आला होता."

हडपसरला दवाखाना काढला तेव्हा आमच्या पेठेत सगळ्यांनी विचारलं, "इतक्या लांब? मुक्कामाला जाणार का?" सोलापूर रस्त्यापासून थोडं आत दोन गाळे जोडून घेतले होते. सुरुवातीला बाजारात पोती वाहणाऱ्यांच्या कंबरा आल्या, कारखान्यातल्या कामगारांचे खांदे आले, मांजरी आणि लोणी काळभोरकडून उसाच्या शेतात पाय मुरगळलेली माणसं आली. मग आजूबाजूला आयटी पार्क उभे राहिले आणि पंचविशीतली मुलं म्हाताऱ्यांच्या माना घेऊन यायला लागली. त्यांतल्या एकानं मला विचारलं होतं, "मॅडम, हा एक्सरसाइज खुर्चीत बसून करता येईल का?" मी त्याला सांगितलेला व्यायाम खुर्चीतून उठण्याचा होता.

ह्याच मुलांमुळे माझ्याकडे आणखी एका नव्या तऱ्हेच्या रुग्णांची ये-जा सुरू झाली. पूर्वी खुबा झिजला की माणूस काठी घेई आणि गप्प बसे. आता मुलं परदेशातून पैसे पाठवू लागली, मोठ्या इस्पितळात आईबापांचे खुबे बदलले जाऊ लागले. खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेत जिथं बसतं तो सांधा. झिजलेला काढून धातूचा बसवतात. घरच्यांना वाटतं, भाग बदलला, आता गाडी पळाली पाहिजे. पण सांधा नवा असतो, माणूस जुनाच असतो. दुखऱ्या पायावर भार टाकायचा नाही हे त्यानं पाच-दहा वर्षं अंगात भिनवलेलं असतं. दुखणं जातं तरी अंग ते विसरत नाही.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी कंबर दुसरीकडे कलू न देणारा एक स्नायू कुल्ल्याच्या बाजूला असतो. तो निजला की माणूस लंगडतो. कुशीवर झोपून पाय वर उचलायला लावून, एका पायावर उभं करून, त्याला जागं करायचं, हे आमचं काम. कंटाळवाणं काम आहे. दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं लंगडणं जातं. ज्यांचं जात नाही त्यांचं का जात नाही, हे शोधून काढण्यात खरी विद्या असते. आणि त्यात उशीर परवडत नाही, कारण लंगडणं लोणच्यासारखं मुरतं. जितकं राहील तितकं पक्कं होत जातं.

मला सापडलेली कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांचा मला गर्व आहे, तो लपवत नाही. पण ह्या अंकाच्या संपादकांनी 'आठवणीतला एक रुग्ण' असं विचारलं तेव्हा त्यांतलं एकही यश पुढं आलं नाही. मथुराबाई आठवल्या.

त्या मांजरीच्या. साठी नुकतीच उलटलेली, नऊवारी, कपाळाला काही नाही, बोलणं कमी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर दिराच्या घराला लागून, पण स्वैपाक वेगळा. एकुलता एक मुलगा संतोष अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता. आईचं ऑपरेशन ठरल्यावर तो रजा घेऊन आला, रजा संपल्यावर कंपनीला सांगून हडपसरच्याच ऑफिसात तात्पुरता बसू लागला. बायको आणि दहा महिन्यांची मुलगी तिकडेच. "आई नीट चालायला लागली की जातो," हे त्यानं बायकोला सांगितलं होतं, कंपनीला सांगितलं होतं, आणि पहिल्याच दिवशी मलाही सांगितलं. आई शेजारी बसून ऐकत होती.

आठवड्यातून तीनदा तो तिला गाडीतून आणायचा. दोन महिने गेले, तीन गेले. लंगडणं होतं तसंच. मी टेपनं दोन्ही पाय मोजले, सारखे. कुशीवर झोपवून पायावर हातानं जोर दिला, त्यांनी तो सहज पेलला. शेतात राबलेल्या बाईचे पाय ते. ऑपरेशन झालेल्या पायावर उभं केलं तर कंबर रेसभर ढळली नाही. दुखतंय का? न्हाई. मग चाला बघू. की डावीकडे हेलकावा, हेलकावा, हेलकावा.

एक्स-रे पुन्हा काढून आणला, सांधा उत्तम बसलेला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "बाई, माझं काम चोख आहे. तुमचे व्यायाम कमी पडतायत." ते मला फार लागलं. तीन रात्री मी पुस्तकं काढून बसले. संतोष बिचारा विचारायचा, "मॅडम, एस्टिमेट काय आहे? म्हणजे अंदाजे?" त्याचे डोळे झोप नसलेल्या माणसासारखे तांबारलेले असत. इकडचं ऑफिस झालं की तिकडची माणसं उठायची.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते. दवाखान्याच्या दारावर मी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'चपला बाहेर काढाव्यात. बाहेर म्हणजे पायरीच्या खाली. पुन्हा सांगितले जाणार नाही.' बाजारचा चिखल, उसाची माती, सगळं फरशीवर यायचं, म्हणून. आणि कॉलेजात अगदी पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलेलं असतं, की लंगडणारा रुग्ण आला तर आधी त्याची पादत्राणं बघा, टाच कुठं झिजलीय ते बघा. ते परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पण माझ्याकडे येणारा प्रत्येक रुग्ण माझ्याच हुकमानं अनवाणी आत येत होता. पुण्याबाहेरच्या कुणाकडून ही चूक झाली असती असं मला वाटत नाही.

एके सकाळी गल्लीतल्या कुत्र्यानं बँकेतल्या एका साहेबांची चप्पल पळवली. साहेब एकच चप्पल घालून ओरडत तिच्या मागं. मी उरलेल्या चपला आत घ्यायला पायरीशी वाकले. एक जुना, काळा, जाड जोड हातात आला आणि मी तशीच राहिले. डाव्या चपलेचा तळ उजवीपेक्षा दोन बोटं उंच. टायरचे तुकडे एकावर एक ठोकून शिवलेले. खुबा झिजला की पाय आखूड पडतो, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडून एका चपलेचा तळ असा वाढवून घेतात. ऑपरेशननंतर पाय सारखा झाला, की ती चप्पल टाकून द्यायची असते. नाहीतर नीट झालेला पाय लांब ठरतो आणि माणूस उलट लंगडत राहतो, आणि ती सवय मग अनवाणीही सुटत नाही. नऊवारीच्या काठाखाली हे मुलालाही कधी दिसलं नसणार.

संतोष फोनवर बोलत समोरच्या रस्त्यावर होता. मी पडद्याआड टेबलावर बसलेल्या मथुराबाईंकडे गेले, चप्पल त्यांच्या पुढ्यात धरली. माझा आवाज चढला होता.

"हे काय आहे, मथुराबाई? तीन महिने मी डोकं फोडतेय!"

त्यांनी चप्पल बघितली नाही. पडद्याकडे बघितलं.

"ताई, हळू बोला. पोरगं ऐकंल."

"ऐकू दे की! ऑपरेशननंतर ही घालायची नाही, कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं की. इस्पितळातल्या पोरीनं सांगितलं. संतोषनं नवं बूट बी आनल्यात. पेटीत हायती."

"मग?"

"म्या काय येडी हाय व्हय, ताई?" त्या म्हणाल्या. "मला समदं ठावं हाय."

मी खाली स्टुलावर बसले. त्या तशाच टेबलावर पाय सोडून बसलेल्या होत्या.

"आठ वर्सं झाली त्याला जाऊन. दोनदा आलता. एकदा बाप गेला तवा, आन् एकदा सोताच्या लग्नाला. आता चार म्हयनं झालं, सकाळचा च्या म्होरं बसून पितो. बोलत न्हाई काय फारसं. त्या मशिनीतच बघत आसतो. पर म्होरं आसतो." मग म्हणाल्या, "पाय बरा झाला की चालला त्यो. दिवाळीपतूर ऱ्हाऊ द्या, ताई. दिवाळीला घरात मानूस नसलं ना, का फराळाचं करू वाटत न्हाई."

ह्यावर काय करायला हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. संतोषला आत बोलवायचं, चप्पल दाखवायची, विषय संपवायचा. मुलगा एकटा नव्हता, तिकडं त्याचं लेकरू होतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये माझा मुलगा अमेय टेक्सासला गेला होता. विमानतळावर मी अगदी व्यवस्थित वागले होते, लोणच्याच्या बरण्या नीट बांधल्या आहेत ना एवढंच विचारलं होतं. घरी येऊन त्याच्या खोलीचा पंखा चालू राहिलेला दिसला तेव्हा तो बंद करायला माझा हात होईना. मला त्या बाईचा राग यायला हवा होता. मला हेवा वाटला. हे मला का सुचलं नाही, असं वाटलं.

"खोटं लंगडू नका," मी म्हणाले. "अंगाला खरंखोटं कळत नाही. अशानं कायमचं होऊन बसेल."

"न्हाई व्हनार. मी ध्येनात ठिवून करते."

बाहेर आल्यावर संतोषनं विचारलं, "काय म्हणताय मॅडम?" मी म्हणाले, "स्नायूला अजून वेळ लागेल. दिवाळीपर्यंत धरा." इतक्या वर्षांत रुग्णाबद्दल धडधडीत खोटं बोलण्याची ती माझी पहिली वेळ. त्यानं मान हलवली आणि खिशातून फोन काढून तिकीट पुढं ढकलायला सांगू लागला.

त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही दोघी चोरासारख्या वागलो. नवे बूट पिशवीतून यायचे. पडदा ओढला की मथुराबाई ते घालून सरळ, ताठ, पाण्याची घागर डोक्यावर असल्यासारख्या चालायच्या. मी 'एक, दोन, एक, दोन' म्हणायचे आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात मुद्दाम ओरडायचे, "कंबर कलतेय, मथुराबाई!" त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या हसतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. अमेय गेल्याचं मीही त्यांना एकदा असंच पडद्याआड सांगून टाकलं. मग पडदा सरायचा आणि हेलकावे घेत त्या मुलाच्या दंडाला धरून पायरी उतरायच्या. दंड घट्ट धरलेला असायचा. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत मंगळवार, गुरुवार, शनिवारची वाट बघायची सवय लागली होती. घरी तसं वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवाळी आठवड्यावर आली. शनिवार होता. दवाखान्यात तीन-चार जण बाकावर होते. संतोष बाकाच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी मथुराबाई आपली पाळी येण्याची वाट बघत. पडद्यावर त्याची बायको दिसत होती, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होती. चित्र मधूनच अडकायचं, पुन्हा हलायचं. मी कुणाच्या तरी मानेला शेक देत होते. एकदम संतोष म्हणाला, "अगं थांब, थांब, सोडू नको तिला!"

मीही वळून बघितलं. खाली गालिच्यावर त्याची मुलगी सोफ्याला धरून उभी होती. सोफा सोडला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. हात दोन्हीकडे पसरलेले, डोकं पुढं. तिसऱ्या पावलाला ती तोंडावर जायला लागली आणि इकडं हडपसरला माझ्या बाकावर बसलेल्या संतोषचे दोन्ही हात तिला झेलायला पुढं गेले. बोटं लॅपटॉपच्या काचेवर आपटली. मग चित्र अडकलं. ती मुलगी तशीच, पडता पडता, थांबून राहिली.

त्यानं हात मागं घेतले. आजूबाजूला लोक आहेत हे त्याच्या लक्षात आलं असावं, तो कसंनुसं हसला. मथुराबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या हातांकडे बघत होत्या.

त्या उठल्या. दंडाला धरलं नाही, बाकाला टेकल्या नाहीत. अनवाणी पायांनी दवाखान्याच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेल्या, वळल्या, परत आल्या. सरळ. एकही हेलकावा नाही. बाकावरचे लोक बघत राहिले.

"आई!" संतोष उभा राहिला, लॅपटॉप पडता पडता वाचला. "आई, तू... मॅडम, बघितलंत का?"

"बघतुयास काय?" मथुराबाई म्हणाल्या. "तिकिट काढ. पोर चालाया लागली, बाप नगं का तिच्या म्होरं?"

"अगं, दिवाळी झाल्यावर..."

"दिवाळी काय पळून चाललीया? दर सालाला येती. उद्याचं गावलं तर उद्याचं काढ."

सोमवारचं मिळालं. जायच्या आधी तो पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला. "मॅडम, तुम्ही मिरॅकल केलंत," म्हणाला. मी पेढा घेतला. 'अरे, मी तुला पाच आठवडे फसवलं' एवढंच वाक्य बोलायचं होतं, ते मी पेढ्याबरोबर गिळलं. त्याचा तो आनंदी चेहरा आजही समोर येतो आणि मला शरम वाटते. त्या पाच आठवड्यांत त्याच्या मुलीनं पहिल्यांदा काय काय केलं असेल आणि त्यानं ते पाहिलं नसेल, त्याचा हिशेब माझ्याकडे लागतो. डॉक्टरांनीही फोन करून माझं कौतुक केलं. आयुष्यात त्यांनी केलेलं ते एकच.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी मथुराबाई बसनं एकट्या आल्या. पायरीखाली नवे बूट काढले. ते मी ह्या वेळी आधी बघितले, दोन्ही तळ सारखे. हातात चिवड्याचा डबा होता.

"केलात ना फराळ?" मी म्हणाले.

"थोडासा. दिराच्या पोरांना."

मग त्या आत आल्या, आणि मी बघतच राहिले. डावीकडे हेलकावा. पुन्हा डावीकडे.

"अहो मथुराबाई, आता कुणासाठी?" मी चेष्टेनं म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "म्या न्हाई करत, ताई. आईच्यान. त्यो गेल्यापास्नं आपसूक व्हतंय. लई ध्येनात ठिवते, तरी व्हतंय."

मी त्यांना झोपवलं. पाय मोजले, सारखे. जोर लावून बघितला, भक्कम. एका पायावर उभं केलं, कंबर ढळली नाही. बूट घालायला लावून पुन्हा चालवलं. लंगडत होत्या. मी मुरू दिलं होतं म्हणून ते मुरलं, की आणखी कशानं, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. सगळी पुस्तकं मी त्याआधीच बघून संपवली होती.

"जाईल का वो हे?" त्यांनी विचारलं.

"जाईल. रोज या."

"रोज?"

"रोज या. मी आहे."

मग मी त्यांचा हात धरला. असा हात आम्ही रुग्णाचा कधी धरत नाही, त्याला आधाराची सवय लागते. पडदा ओढायची आता गरज नव्हती. दवाखान्यात दुसरं कुणीच नव्हतं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आम्ही दोघी चालत राहिलो, एक, दोन, एक, दोन. चार-पाच फेऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा पोरगा कवा येनार हाय?"

"डिसेंबरात येतो म्हणालाय," मी म्हणाले.

तो तसं काही म्हणाला नव्हता.